न शिकवलेला श्वास

कलावंतांच्या प्रशिक्षणाला पैसे पुरवणाऱ्या निधीच्या बाईंनी मजपुढे सहीसाठी जो छापील कागद ठेवला, त्याच्या चौथ्या ओळीत असे लिहिले होते की, ‘प्रशिक्षक आपणांस अवगत असलेले पारंपरिक तंत्र आरंभापासून अखेरपर्यंत, काहीही हातचे न राखता शिकवील.’ ती ओळ मी दोन वेळा वाचली आणि खाली सही केली. सही करताना माझा हात तिळभरही थरथरला नाही. हे मी आधीच नमूद करून ठेवतो. कारण पुढे जे घडले त्यात मी भोळेपणाने सापडलो, असा वाचणाऱ्याचा समज होऊ नये.

आमचे घराणे धातूच्या मूर्ती ओतणारे. आजोबा, वडील आणि आता माझे थोरले बंधू व मी, अशा सर्वांचे आयुष्य एकाच भट्टीपुढे गेले. माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले. तथापि वाचनाचा नाद असल्यामुळे चार शब्द नीट मांडता येतात, आणि म्हणूनच निधीचा अर्ज भरण्याचे काम मजकडे आले. दादांना लिहिण्यावाचण्याचा कंटाळा. ते म्हणत, “कागदाचं तू बघ, आगीचं मी बघतो.”

आमची पद्धत अशी. मधमाश्यांच्या मेणात थोडी राळ मिसळून त्याची मूर्ती घडवायची. तिच्यावर प्रथम गाळलेल्या मऊ मातीचा आणि मग भुसा घातलेल्या जाड मातीचा थर चढवायचा. सावलीत वाळला की साचा तापवायचा. आतले मेण वितळून, मुद्दाम राखलेल्या वाटेने वाहून जाते, आणि जी पोकळी उरते तिच्यात त्याच वाटेने पितळेचा रस ओतायचा. गार झाल्यावर साचा फोडायचा. तोवर मेणाची मूर्ती गेलेली असते आणि फोडल्यावर मातीचा साचाही जातो. त्यामुळे प्रत्येक मूर्तीला संधी एकदाच मिळते.

एवढे ज्ञान कुणालाही चौकशी करून मिळेल. परंतु आमच्या मूर्तींचे नाव झाले ते त्यांच्या बोटांमुळे. रस आत शिरताना आतली हवा बाहेर जावी लागते. जाड भागांतील हवा मातीतून झिरपून जाते. मात्र बोटांसारख्या निमुळत्या टोकांत ती कोंडते आणि रस तिथवर पोहोचतच नाही. म्हणून आम्ही प्रत्येक बोटाच्या टोकाला मेणाचा एक बारीक दोरा चिकटवतो आणि तो साच्याच्या तोंडापर्यंत वर नेतो. मेण गेले की त्या जागी हवेला वाट मिळते. या दोऱ्यांना आमच्या घरात ‘श्वास’ म्हणतात. ओतल्यानंतर श्वासांच्या जागी पितळेच्या तारा निघतात; त्या कापून, कानशीने घासून, सहज पाहणाऱ्याला खूण दिसणार नाही इतक्या साफ करायच्या असतात. ते काम आतल्या खोलीत, दार लावून होते. वडिलांनी मला स्वतःला श्वास दाखवला तो माझे लग्न झाल्यावर, म्हणजे मी घर सोडून जात नाही याची त्यांना खात्री पटल्यावर.

निधीचे पत्र आले तेव्हा मी ते दादांना वाचून दाखवले. तीन महिने, बारा स्थानिक कलावंत, साहित्याचा सगळा भार निधीवर आणि आम्हांस मानधन. दादा पितळ वितळवायची मूस घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बारा जणांना शिकवणार. मग आपण काय करायचं? माश्या मारायच्या?”

“तसंही वर्षभर दुसरं काय करतोय?” मी म्हणालो.

“शिकव की. नको कोण म्हणतंय? मेण शिकव, माती शिकव, भट्टी शिकव. श्वास तेवढा नको.”

“आणि कुणी विचारलं तर?”

“ज्याला ठाऊकच नाही तो विचारेल कशाला?”

दादांनी असे सांगितले हे खरे. पण मी नाही म्हटले नाही हेही तितकेच खरे. उलट, या युक्तीची सफाई माझीच होती. पहिल्या दिवशी मी शिकणाऱ्यांपुढे नमुन्यादाखल कासव, हत्ती, घुबड आणि बसलेला बैल अशा मूर्ती मांडल्या. सगळ्या गुबगुबीत. त्यांना श्वासावाचून काही अडत नाही.

त्या बारा जणांमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक आजोबा होते, एका शाळेतील चित्रकलेचे मास्तर होते, आणि एक बाई होत्या, ज्या रुग्णालयात मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालीत. त्यांना सगळे प्लास्टरताई म्हणू लागले. वय चाळिशीच्या आसपास, हात पुरुषांसारखे रुंद, पण मेणावर पडताच फुलासारखे हलके. ओळख करून देताना त्या म्हणाल्या, “मी माणसांना बाहेरून साचा घालते. तुम्ही आतून काढता. म्हटलं, उरलेलं अर्धं शिकून घ्यावं.” सगळे हसले. मीही हसलो.

त्या मला गुरुजी म्हणत. आयुष्यात मला कुणी गुरुजी म्हटले नव्हते. ज्याला आठवीत शाळेतून काढून भट्टीपुढे बसवले, त्याला पदवीधर मास्तरसुद्धा गुरुजी म्हणतात, याचे मला इतके अप्रूप वाटे की मी घरी आरशापुढे उभा राहून वर्गात सांगायची वाक्ये म्हणून पाहत असे. पत्नी म्हणाली, “आरसा किती शिकला?” मी लक्ष दिले नाही.

दुसऱ्या महिन्यात प्रत्येकाने आपापली मूर्ती ठरवायची होती. आजोबांनी घुबड घेतले, मास्तरांनी बैल. प्लास्टरताईंनी कागदावर एक म्हातारी काढून आणली. ती स्टुलावर बसली आहे, मान वाकडी करून, डोळे बारीक करून, दोन्ही हात नाकासमोर धरून सुईत दोरा ओवते आहे.

“ही माझी आई. अशीच बसते दिवसभर. डोळे गेलेत, पण हट्ट गेला नाही.”

मी त्या दहा बोटांकडे पाहिले. दहाही बोटांना श्वास लागणार होता.

“ताई, पहिल्याच खेपेला इतकं नाजूक नको. कासव करा.”

“चालते कासवासारखी, पण दिसत नाही हो तशी.”

“मग हात पदराखाली घ्या.”

“हातच नसतील तर आई कसली, गुरुजी? मग ती नुसती बसलेली बाई.”

बोलण्यासारखे एकच होते, आणि ते मला बोलायचे नव्हते.

सहा आठवडे त्यांनी ती मूर्ती घडवली. ड्यूटी संपली की येत. दंडावर प्लास्टरचे पांढरे शिंतोडे तसेच असत. म्हातारीच्या कपाळावरची आठी, ओठांचा चंबू, स्टुलाच्या कडेला टेकलेली टाच, सारे त्या मेणात उतरले. बोटे तर अशी, की सुई दोन बोटांत धरली आहे की बोटांतूनच निघाली आहे, हे कळू नये. चाळीस वर्षांत आमच्या कारखान्यात यापेक्षा चांगले मेण झालेले नाही. दादांनी एकदा ते पाहिले, बराच वेळ पाहिले आणि भट्टीकडे निघून गेले.

माती चढवायच्या आदल्या दिवशी ताईंनी फळीवरची माझ्या वडिलांच्या हातची एक जुनी नर्तकी खाली घेतली आणि खिडकीपाशी नेऊन तिची बोटे निरखली.

“गुरुजी, प्रत्येक बोटाच्या टोकाला ही टिकलीएवढी सपाट जागा कसली?”

“कानस लागली असेल.”

“दहाही बोटांना?”

मी मेण मळण्यात गुंतल्याचे दाखवले. त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

“मला एक कळत नाही. बाटली पालथी धरून पाण्यात बुडवली तर पाणी आत शिरत नाही, कारण आतल्या हवेला वाट नसते. मग रस बोटांत जाताना तिथली हवा कुठून जाणार? टोकाला एखादी वाट नको का?”

आजोबा, मास्तर, सगळेच ऐकू लागले. त्यांनी बसल्या जागी, कुणी न सांगता, माझ्या घराण्याचे गुपित शोधून काढले होते. मला फक्त ‘हो’ म्हणायचे होते. या एका अक्षरासाठी निधीने मला नेमले होते, आणि त्याच कागदावर माझी सही होती.

मी हसलो.

“ताई, काचेला भोकं नसतात. माती श्वास घेते. भुसा उगाच घालतो का आपण? तुम्ही फार विचार करता. या विद्येत विचार कमी आणि विश्वास जास्त लागतो.”

सगळे हसले. ताईसुद्धा हसल्या, जरा ओशाळून. म्हणाल्या, “बरोबर आहे. शिकायला आलेय आणि शिकवतेय काय?” आणि त्यांनी नर्तकी फळीवर नेऊन ठेवली.

माती श्वास घेते हे अर्धे खरे आहे. म्हणूनच ते खोटे इतके चांगले बसले.

ओतण्याच्या दिवशी बाराही साचे दादांनी आपल्या हाताने तापवले. दुसऱ्या दिवशी ते फोडायला घेतले. आजोबांचे घुबड निघाले, मास्तरांचा बैल निघाला, टाळ्या झाल्या. ताईंनी आपला साचा मांडीवर घेतला आणि लाकडी हातोडीने हळूहळू माती सोडवली. आधी कपाळ आले, आठी आली, ओठांचा चंबू आला. आजोबा म्हणाले, “वा, ही तर आता ओरडेल बघा कुणावर तरी.” मग ताईंनी ब्रशाने हातांवरची माती झाडली.

तिथे हात नव्हते. मनगटापुढे दोन खडबडीत गोळे होते, भाजून आखडल्यासारखे. म्हातारी दोन थोटे हात नाकासमोर धरून, मान वाकडी करून, अत्यंत मन लावून काहीच करत नव्हती.

मास्तरांनी बैल टेबलाखाली ठेवला. ताई म्हणाल्या, “माझ्याकडून मेण पातळ लागलं असणार.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

तेव्हाही मी सांगू शकलो असतो. त्याऐवजी मी एक वाक्य उच्चारले. ते मी इथे जसेच्या तसे लिहितो, कारण त्याहून लाजिरवाणे माझ्या हातून काही घडलेले नाही. मी म्हणालो, “हात अजून तयार व्हायचा आहे, ताई. होईल हळूहळू.”

समारोपाच्या दिवशी निधीच्या सभागृहात सगळ्या मूर्ती मांडल्या होत्या. मधोमध वडिलांची नर्तकी, दहाही बोटे उमललेली. आणि ओळीत चौथी ती म्हातारी. ताईंनी ती काढून घेतली नव्हती. लोक नर्तकीपाशी थांबत, मग म्हातारीपाशी थांबत, आणि पुढे सरकत. मला मंचावर बसवले होते. निधीच्या बाई माझ्याविषयी चांगले बोलल्या, आणि मग म्हणाल्या, “एका प्रशिक्षणार्थीचा अभिप्राय वाचून दाखवते.” त्यांनी वाचले:

‘गुरुजींनी सर्व विद्या मनापासून दिली, काहीही राखून ठेवले नाही. माझ्या मूर्तीची बोटे आली नाहीत, हा दोष त्यांच्या शिकवण्याचा नसून माझ्या हाताचा आहे. हे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण मूर्ती पाहून कुणाचा गैरसमज होऊ नये.’

टाळ्या वाजल्या. ताई तिसऱ्या रांगेत बसून माझ्यासाठी टाळ्या वाजवीत होत्या. समोर पाण्याचा पेला होता. तो उचलावा तर हात कापताना सगळ्यांना दिसेल, म्हणून तहान लागूनही मी तो उचलला नाही.

खाली उतरल्यावर बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “पुढच्या वर्षीही वर्ग तुमच्याकडेच द्यायचा विचार आहे. जुन्यांपैकी सगळेच पुन्हा यायचं म्हणतात. फक्त त्या प्लास्टरच्या ताईंनी नाव नाही दिलं. म्हणाल्या, माझ्यामुळे एक जागा वाया नको.”

मी तीन आठवडे काढले. कसे काढले ते लिहून वाचकाचा वेळ घेत नाही. एवढेच सांगतो की, मेणाला हात लावला की ते मला गार लागे. अखेर एका दुपारी मी दादांना म्हणालो, “मी ताईंना सांगणार आहे.”

दादा म्हणाले, “काय मिळणार सांगून? बोटं उगवणार आहेत?”

“नाही.”

“मग नुसतं स्वतःचं पोट हलकं करायला जातोयस.”

ते बऱ्याच अंशी खरे होते. तरी मी गेलो.

दार ताईंच्या आईने उघडले. मी तिला मेणात इतके पाहिले होते की ओळख करून घ्यायची गरजच पडली नाही. तीच वाकडी मान, तेच बारीक केलेले डोळे.

“कोण ते?”

“मी मूर्तीच्या वर्गाचा...”

“अच्छा, गुरुजी. या. ती यायला अर्धा तास आहे. तोवर रिकामे बसू नका, ही सुई ओवून द्या.”

मी खिडकीपाशी बसलो. तीनदा दोरा सुईवरून घसरला.

“तुमचंही तसंच दिसतंय,” म्हातारी म्हणाली. “मला वाटलं, म्हाताऱ्यांचाच आजार आहे हा.”

चौथ्यांदा ओवला. शिलाई यंत्राच्या फळीवर, कापड उडू नये म्हणून, पितळी मूर्ती ठेवलेली होती. म्हातारीने ती उचलून माझ्या हातात दिली.

“बघा, मी. काम करून करून बोटं झिजली. लेक रडली हो त्या दिवशी. मी म्हटलं, अगं, बरं झालं की, आता कुणी मला बटण लाव म्हणणार नाही.” ती स्वतःच हसली. मग खालच्या खणातून मेणाचा गोळा काढून दाखवला. “हे एवढं मेण मला देऊन टाकलंय. दोऱ्याला लाव म्हणाली. माझ्या तीन जन्मांना पुरेल. तुम्ही जरा समजवा तिला. तुमचं ऐकते ती.”

मी मूर्ती जागच्या जागी ठेवली.

ताई आल्या त्या दारातच थबकल्या. “गुरुजी? काही झालं का?”

घरून निघताना मी पाच वाक्ये जुळवून पाठ केली होती. त्यांतले पहिले ‘मी आपणापाशी क्षमाप्रार्थी आहे’ असे होते. पण त्यांतले एकही आठवेना.

“ताई, तुमचा हात बरोबर होता. हवेला वाट लागते. बोटाच्या टोकाला मेणाचा दोरा लावून वर न्यायचा असतो. ती टिकली त्याचीच खूण.”

त्यांनी पिशवी खाली ठेवली.

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“वीस वर्षं झाली.”

“मी तुम्हाला विचारलं होतं. बाटलीचं सांगून विचारलं होतं.”

“हो.”

“आणि तुम्ही हसलात.”

“हो.”

म्हातारी म्हणाली, “म्हणजे माझी बोटं यांनी कापली?”

“आई, तू जरा थांब.” ताई खुर्चीवर बसल्या. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे मला अधिक सोसावे लागले. “परवा एका बाईच्या मनगटाला प्लास्टर घालत होते. मध्येच थांबले. वाटलं, आपल्या हाताचा काय भरवसा? अठरा वर्षं करतेय मी ते काम. दुसऱ्या बाईंना बोलावलं आणि त्यांच्याकडून पुरं करून घेतलं. हात धुवायचं निमित्त करून बाहेर उभी राहिले.”

“चूक झाली माझी.”

“चूक नाही. चूक माझी झाली असं मी लिहून दिलंय, सगळ्यांसमोर वाचलं गेलंय. तुम्ही केलंत ते वेगळं. त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, तुम्हाला शब्द चांगले येतात.”

मी मान खाली घातली.

“बाकीच्यांना सांगितलंत?”

“नाही. म्हटलं, आधी तुम्हाला...”

“का? मी रडले म्हणून? आजोबा रडले नाहीत, म्हणून त्यांनी जन्मभर घुबडंच करायची?”

“वर्ग तर संपला, ताई.”

“भट्टी आहे ना जागेवर?”

मी उठलो. दोघींपैकी कुणीही ‘बसा’ म्हणाले नाही. जिन्यात असताना वर शिलाई यंत्र सुरू झाल्याचे ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी मी निधीच्या बाईंकडे गेलो आणि सगळे सांगितले. त्या एकाएकी फार सावकाश बोलू लागल्या. म्हणाल्या, अहवाल छापून झाला आहे, त्यातला अभिप्राय आता काढता येणार नाही. पुढच्या वर्षाविषयी मात्र समितीला विचारावे लागेल. मी म्हणालो, समितीला विचारायची गरज नाही, मी अर्ज करणार नाही. पण त्या ताईंच्या हातात दोष नव्हता असे कुठेतरी लिहून ठेवा. त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून घेतले. ती चिठ्ठी कुठे गेली ते मला ठाऊक नाही.

मग बाराही जणांना मी स्वतः कळवले की, रविवारी सकाळी कारखान्यात यावे, एक गोष्ट शिकवायची राहिली आहे. ‘राहिली आहे’ हे शब्द वापरतानाही मी पुन्हा लपवतच होतो, हे मला निरोप देऊन झाल्यावर उमगले. दादांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “त्यांना हेही सांग की नको म्हणणारा मी होतो.”

“ते नाही सांगणार. हसलो मी होतो.”

दादांनी खुंटीवरचा सदरा घातला आणि ते बाहेर निघून गेले. रविवारी ते आले नाहीत.

सात जण आले. प्लास्टरताई नव्हत्या. मी काय बोलायचे ते कागदावर लिहून ठेवले होते, पण कागद खिशातच राहिला. मी मेणाचा एक लहान हात घेतला, फळीवर मेण लाटून पाच दोरे केले, ते बोटांच्या टोकांना चिकटवले आणि वर नेऊन एकत्र बांधले. वडिलांनी जे मला दार लावून दाखवले होते, ते उघड्या दारात सगळे मिळून दहा मिनिटांचे काम निघाले. इतक्या लहान गोष्टीसाठी मी काय काय केले, हे त्या दहा मिनिटांत मला जितके स्पष्ट दिसले तितके आधी कधी दिसले नव्हते.

मास्तर पुढे वाकले. “म्हणजे ताईंनी विचारलं होतं तेच की.”

“तेच.”

आजोबांनी चष्मा काढून पुसला. “मग तेव्हा का नाही सांगितलंत?”

“सांगायचं नव्हतं म्हणून.”

मला वाटले होते की कुणी रागावेल, शिवी देईल, निदान उठून जाईल. त्यातले काहीच झाले नाही. आजोबा एवढेच म्हणाले, “मी पाटीवर एखादं अक्षर गाळलं, तर दुकानदार परत बोलावतो आणि समोर उभा राहून लिहून घेतो,” आणि त्यांनी मेणाचा तुकडा तोडून घेतला. त्यानंतर सगळे कामाला लागले. कुणी मला गुरुजी म्हटले नाही, कुणी दुसरे काही म्हटले असेही नाही.

तासाभराने ताई आल्या. रात्रपाळी करून सरळ आल्या असाव्यात. डोळे लाल होते. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. आजोबांनी सरकून जागा दिली. मी केलेला मेणाचा हात त्यांनी उचलला, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, “अंगठ्याचा दोरा वाकडा गेलाय. इथं हवा अडेल.” त्या मास्तरांशी बोलत होत्या. दोरा खरोखरच वाकडा गेला होता.

त्यांनी पिशवीतून स्वतःचे मेण काढले. आईची मूर्ती त्यांनी पुन्हा सुरू केली नाही. फक्त एक हात घडवायला घेतला, मनगटापासून, आपलाच डावा हात समोर धरून. दोरे मात्र त्यांनी फळीवर लाटले नाहीत. ओल्या तळहातांत, प्लास्टरच्या पट्टीचे टोक वळावे तसे वळले, आणि ते माझ्या दोऱ्यांहून बारीक व एकसारखे निघाले. हळूहळू सगळे आपापल्या जागा सोडून त्यांच्याभोवती जमले. कुणी विचारी, “इतका बारीक मोडत नाही का?” कुणी म्हणे, “हे पुन्हा एकदा करून दाखवा.” त्या न थकता सांगत होत्या. ज्याला कळले नाही त्याचा हात धरून दाखवत होत्या, आणि जे त्यांना स्वतःला ठाऊक नव्हते त्याला ‘ठाऊक नाही, करून बघू’ असे म्हणत होत्या.

मी भट्टीपाशी उभा होतो. एकदा वाटले, जवळ जाऊन बसावे. पण त्या घोळक्यात मला जागा करून द्यावी लागली असती, आणि तशी मागणी करण्याचा माझा अधिकार उरला नव्हता.

थोड्या वेळाने मास्तर मान वर न करता म्हणाले, “पाणी संपलंय हो.”

कुणाला उद्देशून म्हणाले ते कळले नाही. मी बादली उचलली आणि नळावर गेलो.